पहिला रोगी

“मग माझे हे हात काय धुणी धुवायला आहेत, बाबा?”

रंभाजीने तेलाची वाटी फरशीवर आदळली.

मदारशा फकीर टेकडीवरच्या दर्ग्यामागे बसून लोकांची हाडे, सांधे, नसा जागेवर आणायचे. औषध नाही, चाकू नाही, सगळा मामला हातांचा. रंभाजी त्यांचा शिष्य. आजचा रोगी तू एकट्याने बघायचा, असा बाबांनी त्याला शब्द दिला होता आणि ऐनवेळी फिरवला होता.

रोगी गूळबाजारातला हमाल. कंबर धरलेली, पायांत मुंग्या. बाबांनी दोनच गोष्टी विचारल्या. मांड्यांच्या मध्ये बधीर वाटते का, लघवी अडते का. तो मान खाली घालून हो म्हणाला. बाबांनी त्याच्या पाठीला बोटही लावले नाही. पायथ्याशी उभ्या जीपने तडक जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. इथे दाबले तर पाय कायमचे जातील, एवढेच त्यांनी रंभाजीला सांगितले.

रंभाजीला ती शुद्ध पळवाट वाटली. मान आखडलेले शिंपी, कंबर धरलेल्या खुरपणाऱ्या बाया, पाठ लचकलेले पैलवान, सगळे इथूनच हसत गेलेले त्याने पाहिले होते. मग याच्याच वेळी दवाखाना का आठवावा? आता गावभर बोभाटा होणार, की फकिराच्या चेल्याची रोग्याला हात लावायची छाती झाली नाही. त्याचे पित्त खवळले.

“तुम्ही घाबरलात,” तो म्हणाला.



बाबांनी कफनी उतरवली आणि ते चटईवर पालथे पडले. “कुठं दुखतंय, सांग.”

रंभाजीने रागारागात अंगठे रोवले. कमरेच्या वर एक गाठ लागली. त्याने ती दाबली, मग आणखी जोर लावून दाबली.

“इथं.”

“तिथं दुखत नव्हतं,” बाबा म्हणाले. “आता दुखतंय.”

रंभाजीने हात काढून घेतले. राग अजून तसाच होता, फक्त तो कोणावर काढावा ते त्याला कळेना.

“मग मी करू तरी काय?”

बाबा सावकाश उठून बसले. खाली तो हमाल निम्म्या पायऱ्या उतरून थांबला होता, एकटाच, कठडा घट्ट धरून...

“तुझा रोगी तिथं उभा आहे,” बाबा म्हणाले. “जा. जीपपर्यंत त्याच्या पाठीला हात देऊन ने.”