गुणाजीची तांबोशी

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे आपल्या गावात तो नुसता भोळा होता, जावई तो सासुरवाडीत होता. नाव गुणाजी. काथ्याचे दोर वळायचा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही, आणि न सांगितलेलं कधी केलं नाही.

त्याची बायको शेवंता बाळंतपणासाठी माहेरी आली. सोबत गुणाजीही आला. शेवंताला डोहाळे लागले होते. चिंच नको, कैरी नको. तिला तांबोशी मासळी हवी होती. खोल पाण्यातली, खडपावरची, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवरची, लालभडक तांबोशी. आणि तीही बापानं आणलेली चालणार नव्हती.

"तुम्ही धरून आणा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोराच्या बापानं आणलेली पाहिजे."

गुणाजी म्हणाला, "बरं."

शेवंताचा बाप धाकू तांडेल. सगळा जन्म समुद्रात गेलेला माणूस. जावयाला शिकवायला तो आनंदानं तयार झाला. आनंद सकाळी होता.

होडी खोल पाण्यात आली. धाकूनं जावयाच्या हातात दोरीचं वेटोळं दिलं. दोरीच्या टोकाला शिशाचा मासा होता, घासून चकचकीत केलेला, आणि माशाच्या शेपटीला गरी, म्हणजे गळाचा आकडा.

"हा मासा खोटा," धाकू म्हणाला. "तळाशी नेऊन नाचवायचा. तांबोशीला वाटतं, खरा आहे. ती येऊन धरते."

"तिला एवढं कळत नाही?"

"नाही."

"बिचारी," गुणाजी म्हणाला.

"सोडा आता. तळ लागेपर्यंत सोडत राहा."

गुणाजी सोडत राहिला. शिसं खाली गेलं. दोरी सरसर गेली. वेटोळं संपलं. दोरीचं शेवटचं टोक हातात आलं, तेही त्यानं सोडलं. मग तो हात झटकून बसला.

"मामा, तळ लागला की नाही, ते आता कसं कळायचं?"

धाकूनं पाण्याकडे बघितलं. जावई असल्यामुळे शिवी देता येत नव्हती. त्यानं ती समुद्राला दिली.

"जावईबापू, शेवट हातात ठेवायचा असतो! हातात धरलेलं सोडायचं नाही. आभाळ कोसळलं तरी सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं, मामा."

दुसऱ्या खेपेला धाकूनं नवी दोरी घेतली. खडपावर होडी आली तशी तो म्हणाला, "नांगर टाका."

गुणाजीनं नांगर उचलला आणि टाकला. पण हातात धरलेलं सोडायचं नव्हतं. त्यामुळे नांगर गेला, पाठोपाठ गुणाजी गेला.

धाकूनं मागे वळून पाहिलं तर जावई नाही. पाण्यावर बुडबुडे. त्यानं नांगराचा दोर ओढायला घेतला. नांगर आज भलताच जड लागला. शेवटी वर आला तेव्हा गुणाजी त्याला मिठी मारून बसला होता.

"अहो, सोडला का नाहीत?"

गुणाजीनं आधी तोंडातलं पाणी सोडलं. मग म्हणाला, "सोडायचं नाही, तुम्हीच म्हणालात. पण मामा, तळ लागला बरं का."

धाकूनं कपाळावर हात मारला. "जड काही खाली ओढायला लागलं, तर पहिल्यांदा ते सोडून द्यायचं! जीव वाचवायचा! कळलं?"

"कळलं, मामा."

कपडे वाळले. धाकूनं गरी स्वतः पाण्यात सोडली आणि दोरी जावयाच्या हातात ठेवली. गुणाजी दोरी वर-खाली, वर-खाली नाचवू लागला. हात त्याचा खरंच चांगला होता, दोर वळणाऱ्याचा हात. इतक्यात खालून गच्चकन ओढ लागली. दोरी ताणली. होडी कलली.

"तांबोशी!" धाकू ओरडला.

गुणाजीनं लगेच दोरी सोडून दिली.

"अहो, मासा होता तो!"

"जड होता, मामा. खाली ओढत होता."

धाकूनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग शांतपणे म्हणाला, "खालून ओढ लागली, की जीव खाऊन वर हिसका मारायचा. म्हणजे गरी तोंडात बसते. कळलं?"

"कळलं, मामा. खालून ओढ, की वर हिसका."

घरी येईपर्यंत तो हेच घोकत होता.

घरी सासूबाईंना सुके बांगडे हवे होते. टोपली माळ्यावर. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "वर चढा आणि टोपली दोरानं हळूच खाली सोडा."

गुणाजी वर चढला. टोपलीला दोर बांधला. टोपली हळूच खाली सोडली. सासूबाईंचा हात जेमतेम पोचला. अजून थोडी खाली हवी, म्हणून त्यांनी टोपली धरून ओढली.

खालून ओढ लागली! गुणाजीनं जीव खाऊन वर हिसका मारला. टोपली वाशाला आपटली, उलटी झाली, आणि सगळे बांगडे सासूबाईंच्या डोक्यावर पडले.

वरून गुणाजीनं विचारलं, "गरी बसली का?"

सासूबाईंनी अंबाड्यात अडकलेला बांगडा काढला. "बसली," त्या म्हणाल्या. "अहो, ओढायच्या आधी माणसानं खाली वाकून बघावं. कोण आहे ते विचारावं. उत्तर आलं की मग ओढावं."

"बरं," गुणाजी म्हणाला.

शेवंता दाराआडून हसली. पण रात्री जेवायला बसली तेव्हा तिच्या पानात सुका बांगडाच होता, आणि तिनं तो बाजूला सारला. गुणाजीनं ते पाहिलं. त्यानंही मग आपला बांगडा बाजूला सारला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी होडीत जाऊन बसला. खडपावर पोचले. गरी खाली गेली, शिशाचा मासा नाचू लागला. ओढ लागली. गुणाजी होडीच्या काठावरून वाकला आणि पाण्यात तोंड घालून म्हणाला,

"कोण आहे?"

दोरी ताणली.

"अहो, कोण आहे? नाव सांगा."

दोरी ढिली पडली.

"मामा, उत्तर न देताच गेली."

"तोंड बंद!" धाकू ओरडला. आता तो जावईबिवई विसरला होता. "गरी लागली की बोलायचं नाही, विचारायचं नाही! सरळ ओढायचं! आणि हे दांडकं घे. पाण्याबाहेर डोकं दिसलं, की टाळक्यात घालायचं. नाहीतर उडी मारून निसटते. कळलं?"

गुणाजीनं तोंड बंद ठेवून मान हलवली.

गरी पुन्हा खाली गेली. पुन्हा ओढ लागली, आणि काय ओढ! गुणाजी बोलला नाही. त्यानं विचारलं नाही. त्यानं सोडलं नाही. दोरीनं तळहात सोलले, तरी तो ओढत राहिला. आणि खालच्या हिरव्या पाण्यातून काहीतरी लाल लाल वर येऊ लागलं. तांबोशी! मांडीएवढी!

धाकूला राहवलं नाही. त्यानं काठीचा लोखंडी आकडा घातला, तांबोशी उचलून होडीत भिरकावली, आणि त्याच झोकात स्वतः पाण्यात पडला.

गुणाजी दांडकं उगारून उभाच होता. पाण्याबाहेर डोकं दिसलं.

डोकं म्हणालं, "जावईबापू, हात द्—"

गुणाजी काही बोलला नाही. त्यानं टाळक्यात दांडकं घातलं.

मग त्याच्या लक्षात आलं की हे मामा आहेत. घाबरून त्यानं त्यांना होडीत ओढलं. डोक्याला टेंगूळ आलं होतं, नारळाएवढं. धाकूनं डोळे किलकिले केले आणि क्षीण आवाजात म्हणाला, "मूर्खा... पाण्यातून वर आलेल्याला मारतात होय? त्याची विचारपूस करायची. अंग पुसायचं. आणि नीट घरी पोचवायचं. कळलं?"

"कळलं, मामा," गुणाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

धाकूनं समाधानानं डोळे मिटले.

होडी किनाऱ्याला लागली. शेवंता वाळूत उभी होती. घरी तिनं खोबरं वाटून ठेवलं होतं, तिरफळं ठेचून ठेवली होती. होडीत टेंगूळ घेऊन बसलेला बाप तिला दिसला, ओला नवरा दिसला.

"मिळाली?" तिनं विचारलं.

"मिळाली! मांडीएवढी!" गुणाजी म्हणाला. "मीच ओढली."

"मग कुठाय?"

"घरी पोचवली."

शेवंताचा चेहरा उजळला. "घरी? एवढ्यात? आई घेऊन गेली का?"

"आई कशाला? मीच पोचवली. अंग पुसलं, कशी आहेस विचारलं, आणि होडीच्या काठावरून अलगद पाण्यात सोडली. फार खूश होती गो. जाताना शेपटी हलवून गेली."