अबोल विद्यार्थ्याचा सौदा

परभणीचा नंदेश स्कॉटलंडला व्यवस्थापन शिकायला गेला. तिथे वाटाघाटी शिकवणाऱ्या मॅक्लीन सरांच्या तासाला वर्गात बोलण्याचे गुण असत, आणि नंदेश तर मुळातच अबोल. शेवटच्या तासाला सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"तुला शून्य देतोय. नापास झालास की शिष्यवृत्ती गेली, मग घरी जा. काही म्हणायचंय?"

नंदेशला शब्द फुटेना.

"अरे, तोंड तरी उघड! दोन-चार गुण देतो."

वर्ग हसला. नंदेशची मान आणखी खाली गेली. सर वैतागले.

"बरं बाबा, पास होण्यापुरते देतो. आता तरी बोल!"

ज्या अबोलपणाची आजवर लाज वाटली, तो काय करतोय हे नंदेशच्या आत्ता लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "सर, सौद्यात समोरचा गप्प राहिला की माणूस घाबरून आपणच भाव वाढवतो, असं तुम्हीच शिकवलंत. मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो."

सरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण विचार करून मिटलं. आणि पुन्हा काही बोलून बसायच्या आत पासचे गुण लिहून टाकले.