सम्राट श्रुतंधराची निद्रा

पूर्वी त्रेतायुग उताराला लागले असता, शीलावती नदीच्या तीरी, अमोघा नावाच्या नगरीत श्रुतंधर नावाचा सम्राट राज्य करीत होता. चारी समुद्रांपर्यंत त्याच्या श्वेतछत्राची सावली पोचे, त्याच्या गजशाळेत ऐरावताच्या कुळातले हत्ती झुलत आणि अनेक मांडलिक राजे त्याच्यापुढे हात जोडून उभे असत. एवढे वैभव असूनही हा राजा झोपेला महाग झाला होता.

त्याचे मूळ त्याच्या तारुण्यात होते. राज्याभिषेकापूर्वी त्याने कंकणगिरीवर घोर तप केले, तेव्हा ब्रह्मदेव प्रसन्न होऊन "वत्सा, वर माग," म्हणाले. अशा वेळी इतर राजे अमरत्व मागतात, दिव्य अस्त्रे मागतात. हा पोर मनाचा चांगला होता. तो म्हणाला, "पितामह, माझ्या छत्राखाली जो कोणी दुःखाने हाक मारील, त्याची हाक मला ऐकू यावी. माझ्या राज्यातला एकही हुंदका वाया जाऊ नये." ब्रह्मदेवांनी "तथास्तु" म्हटले. वर देताना पुढचा विचार करण्याची त्यांना सवय नाही, हे पुराणे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

राज्य लहान होते तोवर सारे छान चालले. कुणा विधवेची गाय चोरीला जावी आणि राजाचे सैनिक चोराच्या दारात उभे राहावेत, असा तो काळ होता. मग भल्या माणसांच्या हातून होते तीच चूक त्याच्या हातून झाली. असले उत्तम राज्य अवघ्या पृथ्वीला का लाभू नये, असे वाटून त्याने अश्वमेध मांडला. यज्ञाचा घोडा जिथे जिथे फिरला तिथले तिथले रडणे राजाच्या कानांत येऊन बसले. दक्षिणेच्या कोळ्यांचे वाहून गेलेले जाळे, उत्तरेच्या मेंढपाळांचे थंडीने मेलेले कोकरू, कुणाचा बांध, कुणाची सासू! त्या कल्लोळात महाराणी मरणशय्येवरून काहीतरी बोलली. ते त्याला ऐकू आले नाही, आणि पुन्हा विचारायला ती उरली नाही.

तिकडे प्रजेलाही वेगळीच सवय जडली. शेजारच्या घरात कुणी ओक्साबोक्शी रडत असले, तरी लोक कूस बदलून म्हणत, राजाला ऐकू गेलेच असेल. अधिकारी तेच म्हणत. असे म्हणता म्हणता साम्राज्य आतून पोखरले गेले आणि एकेक प्रांत छत्र झुगारून वेगळा होऊ लागला. प्रांत तुटला की तिथले आवाज थांबत आणि राजाला थोडा डोळा लागे. सेनापती उग्रधन्वा पराभवाची वार्ता घेऊन येई, तेव्हा हा सिंहासनावर पेंगत असे. त्याची त्याला लाजही वाटे.

अखेर वेत्रवन प्रांत तुटला, तेव्हा उग्रधन्वा गर्जून म्हणाला, "सम्राट! आता शस्त्र उचलले नाही, तर उद्या हे छत्र अमोघेच्या वेशीपुरतेही उरणार नाही!" राजा निरुपायाने हत्तीवर चढला आणि सैन्यासह वेत्रवनात आला.

तिथे एका विशाल वटवृक्षाखाली स्त्रीपुरुष गोल करून बसले होते. सोमिला नावाच्या वृद्धेपुढे तांबड्या आणि काळ्या काड्यांच्या टोपल्या होत्या. राजाला पाहून कुणी उठले नाही. उद्धटपणा नव्हता त्यात, माणसे नुसती दमली होती.

"तुमचा राजा कोण?" श्रुतंधराने विचारले.

"राजा नाही, महाराज. मांडलिक पळून गेला," सोमिला म्हणाली. "आता आमची गाऱ्हाणी आम्हीच ऐकतो आणि होकाराला तांबडी, नकाराला काळी अशा काड्या टाकून निकाल लावतो. सकाळपासून एका पाटाच्या पाण्याचं चाललंय. डोकं उठलंय नुसतं."

उग्रधन्व्याने तलवार उपसली. "आज्ञा द्यावी, सम्राट! छत्र उभारताच ही भूमी पुन्हा आपली होईल."

राजाने त्या छत्राकडे पाहिले. ते उभारले की ही सारी माणसेही पुन्हा कानांत येणार होती. तो हत्तीवरून उतरला, त्या वर्तुळाच्या कडेला मातीत बसला आणि त्याने हात जोडले. "पितामह, वर परत घ्या. मी थकलो."

ब्रह्मदेव प्रकट झाले. "दिलेला वर परत घेता येत नाही, राजा. वाटून देता येतो. पण घेणाऱ्यांनी तो राजीखुशीने घ्यायला हवा, आणि त्याबरोबर त्याचा शीणही घ्यायला हवा."

मग भद्रक नावाचा शेतकरी चाचरत म्हणाला, "महाराज, तुम्हीच ऐका की. आम्हाला घरी कामं आहेत."

सोमिलेने भद्रकाकडे पाहिले नाही. ती राजाला म्हणाली, "माझा मुलगा तापानं फणफणला होता, तेव्हा मी तुम्हाला हाका मारल्या. ऐकल्या होत्या?"

"ऐकल्या होत्या, माते."

"मग?"

"त्याच वेळी आणखी लाखो जण हाका मारीत होते," राजा म्हणाला.

"भिंतीपलीकडे हा भद्रक जागा होता. राजाला ऐकू गेलं असेल म्हणून हाही आला नाही. उजाडता उजाडता मुलगा गेला." तिने तांबडी काडी उचलून वर्तुळाच्या मध्यभागी टाकली. "मी घेते माझा वाटा."

मग भद्रकानेही उठून तांबडीच काडी टाकली. काळ्या काड्याही पडल्या, पुष्कळ पडल्या, आणि त्यांवरून कडाक्याचे भांडणही झाले. परंतु सूर्य कलला तेव्हा तांबडा ढीग मोठा होता.

राजाने छत्र मिटून जमिनीवर ठेवले. कानांतला कल्लोळ हळूहळू ओसरला आणि कैक वर्षांनी त्याला वाऱ्याने हलणारी पाने ऐकू आली. तो तिथेच वडाच्या मुळांवर डोके टेकून झोपला. ते पाहून उग्रधन्व्याने तलवार म्यान केली. अमोघेच्या गजशाळा ओस पडल्या, साम्राज्य विरून गेले, पण त्या वडाखालच्या सभेची चाल गावोगाव पसरली.

जाताना ब्रह्मदेव एवढेच म्हणाले, "ज्या दिवशी तुम्ही कंटाळून कुणा एकाला म्हणाल, 'आमचे सारे तूच ऐक, आम्ही झोपतो,' त्या दिवशी हा जागा होईल."

म्हणून आजही चार माणसे काही ठरवायला बसली की जांभया येतात, गुडघे धरतात, तोंडे आंबट होतात आणि घरी पळावेसे वाटते. तो शीण श्रुतंधराचा आहे. आपल्या वाट्याला त्यातला चिमूटभरच आला आहे. तेव्हा आणखी थोडा वेळ बसावे, पुढच्या माणसाचे बोलणे संपू द्यावे, आणि त्या बिचाऱ्याला झोपू द्यावे.