बारा हात नळी

"बारा हात नळी! बोटभरही कमी चालणार नाही!" राजा दुर्गसेन गरजला. "आणि गोळी या बंदुकीपेक्षा जोरात सुटली पाहिजे. नाहीतर भट्टी विझवून राज्याबाहेर हाकलीन तुला!"

'ही बंदूक' म्हणजे शेजारच्या राजाची भेट. नळी तीन हात, आणि सोबत खोचक निरोप: 'तुमच्याकडे अशी होत नाही म्हणे!' तेव्हापासून दुर्गसेनाला घास गोड लागत नव्हता. प्रधान भास्करपंतांनी तोडगा काढला होता, "नळी चौपट, म्हणजे वेग चौपट!" दरबाराने लगेच माना डोलावल्या. बंदूक कोणीच कधी हाती धरली नव्हती, पण डोलण्यात सगळे तरबेज!

ज्याच्यावर तो गरजला, त्या रखमाजी लोहाराने हातच जोडले. शेजारी त्याची लेक येसू दातओठ खात उभी होती. त्या डोलणाऱ्या पगड्यांचा तिला तिटकारा आला.

"नळी होईल, महाराज," ती म्हणाली, "पण आधी तुमचा दम बघू द्या!"

तिने मुदपाकखान्यातून चुलीची फुंकणी मागवली, आणि आतले पेर फोडून साफ केलेला तेवढ्याच जाडीचा बारा हात बांबू. फुंकणीत तिने वाटाणा घातला.

"फुंका! पण एकदाच. बंदुकीतली दारूही एकदाच पेटते."

राजाने फुंकले. टप्प! वाटाणा प्रधानांच्या पगडीवर! राजा खूश झाला.

मग वाटाणा बांबूत गेला. राजाने गाल फुगवले, डोळे वटारले, फुंकले. पुढून काहीच बाहेर येईना.

"वाटाणा इतक्या वेगाने गेला, की दिसलाच नाही!" प्रधान ओरडले. "वाहवा!" दरबार डोलला.

येसूने बांबू तिरका केला. वाटाणा घरंगळत प्रधानांच्या पायाशी आला.

"हा बघा, आत्ता पोचला तुमचा चौपट वेग!" ती म्हणाली. "महाराज, नळी फार आखूड असली तर दारूचा जोर बाहेर वाया जातो. फार लांब असली तर जोर आतच संपतो आणि उरलेली नळी गोळीला नुसती घासत बसते."

"मग या बंदुकीला हरवायचं कसं?"

येसूने भेटीच्या बंदुकीत तिच्यासोबतच आलेली गोळी टाकून बंदूक हलवली. खुळ्ळ खुळ्ळ! "नळी रुंद, गोळी बारीक. जोर फटीतून पळतो. बाबांची नळी गोळीच्या नेमक्या मापाची असते."

पहारेकऱ्याकडे रखमाजीने घडवलेली बंदूक होती, तीन हातांचीच. दोन्हींत सारखीच दारू भरून एकाच फळीवर बार काढले. भेटीची गोळी फळीत रुतून बसली. रखमाजीची आरपार गेली!

राजा मात्र अडून बसला. "भर दरबारात मी बारा हात म्हणालो! राजाचा शब्द फिरत नसतो!"

"फिरवतंय कोण?" येसू म्हणाली. "बाबा बारा हातच नळी घडवतील. तीन-तीन हातांचे चार तुकडे, चार बंदुका! सगळी नळी एकाच बंदुकीला लावा, असं कुठे म्हणालात?"

राजा पोट धरून हसत सुटला. त्याने हातातले सोन्याचे कडे येसूला दिले, रखमाजीला शस्त्रशाळेचा मुख्य नेमले.

"आणि प्रधानजींना काय?" येसूने विचारले.

"त्यांना तो बांबू दे!" राजा डोळे पुसत म्हणाला. "बसू देत फुंकत!"