ज्याचा डोळा लाल, त्याला राहू दे

"म्हणजे जंत पोटात तसेच ठेवायचे?" सिदरामने विचारलं.

"काहींच्या," जक्काआत्या म्हणाली.

तिने पुढची शेळी गुडघ्यांत धरली, अंगठ्याने खालची पापणी ओढली, आत पाहिलं आणि सोडून दिली.

सिदराम मासाळच्या हातात औषधाची नवी बाटली होती. जतच्या माळाला लागून त्याचा साठ शेळ्यांचा गोठा. लांबलांबची माणसं बघायला यायची आणि तो ऐटीत सांगायचा, "आपल्याकडं दर महिन्याला एकूण एक जनावराला जंताचं औषध. चुकायचं काम नाही."

यंदा भाद्रपदात मात्र शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबू लागली. पंधरवड्यात नऊ गेल्या. औषध पाजूनही गेल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी लेंड्या तपासल्या आणि म्हणाले, "तुझ्या जंतांवर हे औषध आता चालत नाही. दुसरं देतो. हे तरी जपून वापर."

जपून म्हणजे कसं, ते विचारायला सिदराम थांबला नव्हता.

जक्काआत्याची मेंढरं त्याच माळावर चरत होती आणि त्यातलं एकही पडलं नव्हतं. म्हणून त्याने म्हातारीला बोलावून आणलं. तिच्याकडं एखादा झाडपाला असेल, असं त्याला वाटत होतं. ती झाडपाला घेऊन आलीच नाही. कमरेला लोकरीचे धागे खोचून आली.

ज्या शेळीची पापणी आतून पांढरट, तिच्या गळ्यात धागा. जिची लाल, ती मोकळी.

"जंत रगत पितो," ती म्हणाली. "किती प्यालाय ते हितं दिसतं. धागा असंल तिलाच पाज. वजन करून, पुरतं पाज. अर्धवट पाजून जंताला सवय लावू नगंस."

हिंदुराव हा सिदरामचा लाडका बोकड. आत्याने त्याची पापणी पाहिली आणि त्याला सोडलं. सिदरामला राहवलं नाही. त्याने बोकडाचं तोंड उघडलं आणि औषधाची नळी आत घालू लागला.

आत्याने नळीच्या तोंडावर तळहात धरला. औषध तिच्या मनगटावरून खाली ओघळलं.

"आत्या, ह्याच्याही पोटात असतीलच की."

"असतील."

"मग?"

"सगळ्यास्नी पाजतोस. मरत्यात कोण?"

"जंत."

"आन् उरत्यात कोण?"

सिदरामने नळी खाली घेतली.

"ज्यांना औषध लागू पडलं नाही ते," तो म्हणाला.

"मग माळावर अंडी कुणाची पडत्यात?"

त्याने माळाकडं पाहिलं. दर महिन्याला, न चुकता, त्याने स्वतःच्या हाताने कच्चे जंत मारले होते आणि चिवट तेवढे पोसले होते.

"ह्याच्या पोटातल्यांनी तुझं नवं औषध बघितलेलं न्हाई," आत्या म्हणाली. "त्यांची पोरं मिसळू देत चिवटांच्या पोरांत, म्हंजी औषध लागू पडत ऱ्हाईल."

"आणि हाच आजारी पडला तर?"

"डोळा कशाला हाय? दर आठ दिवसांनी बघ."

उरलेले धागे तिने त्याच्या हातात दिले. त्याने एका शेळीची पापणी ओढली आणि लगेच धागा बांधायला घेतला. आत्याने त्याचा हात धरून शेळी उन्हात वळवली. उजेडात पापणी चांगली लाल होती. पुढच्या शेळीला त्याने घाई केली नाही.

शेवटी सतरा शेळ्यांच्या गळ्यांत धागे होते. त्या सतरांनाच त्याने पाजलं.

तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन गेल्या.

सिदराम फळीवरची बाटली घेऊन तडक हिंदुरावपाशी गेला. त्याला उन्हात आणलं. पापणी ओढली... लाल होती.

त्याने बाटली पुन्हा फळीवर ठेवली.

मग आठ दिवसांनी त्याने सगळ्यांचे डोळे पाहिले, आणि पुन्हा आठ दिवसांनी. सकाळी गवतावरचं दंव वाळल्याशिवाय कळप बाहेर काढणं त्याने बंद केलं, कारण ओल्या गवतावरच जंताची पिल्लं वर चढतात, हेही आत्यानेच सांगितलं होतं. तीन शेळ्यांच्या गळ्यांत पुन्हा पुन्हा धागा येत राहिला. त्यांची पाटं, म्हणजे मादी पिल्लं, पैदाशीला ठेवायची नाहीत, असं त्याने ठरवून टाकलं. दिवाळीपर्यंत बाकीच्यांच्या जबड्याखालची सूज उतरली आणि अंगावर तकाकी आली. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

तो माळावर जक्काआत्याला भेटायला गेला. ती एका मेंढीची पापणी बघत होती.

"आत्या, एकही नवी पडली नाही," तो म्हणाला. "आता फक्त एवढंच सांग. हे जंत मुळासकट संपतील, पुन्हा म्हणून डोळे बघावे लागणार नाहीत, असा काही उपाय आहे का?"

आत्याने मेंढी सोडली, दुसरी धरली.

"हाय की," ती म्हणाली. "शेरडं इकून टाक."