कतरीनबायनं तूस पेरलं

वसईकडे आगगाडीची शिट्टीही पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या गावात कतरीनबाय नावाची विधवा होती. शेताची एक पट्टी आणि घरात बियाण्याचा एकच मुडा, एवढीच तिची दौलत. पेंढ्यात आवळून बांधलेलं भात म्हणजे मुडा. तो चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांचा आशीर्वाद घ्यायचा आणि पेरणीपर्यंत त्याची दोरी सोडायची नाही, ही गावाची रीत. उपाशी मेलात तरी नाही!

त्या साली पेरणी तोंडावर आली आणि एक गलबत खडकावर फुटलं. बायकापोरं किनाऱ्याला लागली, कोण कुठली कुणाला ठाऊक. ती आधी गेली रुमावच्या दारी. रुमाव गावातला बडा माणूस, कोठार काठोकाठ भरलेलं. त्यानं दाराला कुलूप घातलं.

"आज यांना दिलं, तर उद्या आम्ही काय खायचं?" तो म्हणाला.

मग ती माणसं कतरीनबायच्या अंगणात येऊन बसली. आणि हिनं काय करावं? कोयता घेतला नि मुड्याची दोरीच कापली! रुमाव धावत आला.

"अगं बाय, बियाणं ते! पेरशील काय?"

"पोरं रडतायत, रुमावदादा. माझं देव बघेल."

तिनं सगळं भात कांडलं, शिजवलं, वाढलं. उखळापाशी उरलं नुसतं तूस.

पेरणीच्या दिवशी कतरीनबाय शेतात आली, क्रूसाची खूण केली आणि पदरातलं तूस पेरायला लागली. बांधावरून रुमाव बघत होता. बाई खुळी झाली! आणि झाली ती आपल्या कुलपामुळं, हे त्याला लख्ख कळलं.

आठवड्यानं तो परत बांधावर गेला, तर काय! तुसातून रोप वर आलं होतं, हिरवंगार, गुडघाभर, असं म्हणतात.

"जेजू मारी!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

तसाच तो घरी पळाला. किल्ली शोधायलाही थांबला नाही. कोठाराचं दार त्यानं बिजागऱ्यांसकट उखडलं आणि त्या गलबतवाल्यांना हाका मारत सुटला. ते दार पुन्हा कधी बसवलं नाही.

आजही पेरणीच्या आदल्या दिवशी घरोघरी मुड्यातलं ओंजळभर भात काढतात, एकत्र शिजवतात, आणि येईल त्या परक्याला जेवू घालतात. ताटं मांडतात त्याच दारावर, आडवं टाकून. कुलपाचा कोयंडा त्याला अजून तसाच आहे. त्या कोयंड्यावरचं ताट डुगडुगतं, नीट बसतच नाही. त्या ताटावर रुमावच्या घरचं माणूस बसतं.