बारा सेन्सर, एक तार

“मग आता आणखी काय काढून टाकू, सर?”

शलाका तेंडोलकरने सर्किट बोर्ड वालावलकर सरांपुढे ठेवला. कुडाळच्या त्या लहानशा वर्कशॉपमध्ये सर चाळीस वर्षं सर्किटं जुळवत आले होते. शलाका पुण्याहून सुवर्णपदक घेऊन त्यांच्याकडे शिकायला आली होती, आणि ते पदक अजून तिच्या बोलण्यातून उतरलं नव्हतं.

कातळपाटच्या डोंगरात बारा सेन्सर पुरायचे होते. दरड सरकू लागली की खालच्या वाडीत भोंगा वाजला पाहिजे. बाराही सेन्सर एकाच तारेवरून, पाळीपाळीने, मुख्य पेटीशी बोलणार. पण बॅटरी चाळीस दिवसांत संपत होती, आणि पावसाळा चार महिन्यांचा.

“सगळ्यात कमी वीज खाणाऱ्या चिप घातल्या,” ती म्हणाली. “दिवे काढले. वेग उतरवला. याहून कमी होणं शक्यच नाही.”

“तारेवर बोलणं काय चालतं?”

“पेटी दर सेकंदाला एकेकाला विचारते, हललास का? तो म्हणतो, नाही.”

“दिवसभर?”

“दिवसभर...”

सर उठले. सुतळीचं एक टोक त्यांनी तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते अंगणाच्या पार कडेला गेले.

“तू पेटी. मी सेन्सर. विचार.”

तिने हिसका दिला. सरांनी उलट हिसका दिला. पुन्हा. पुन्हा... शंभराव्या खेपेला तिचा दंड भरून आला.

“आता विचारू नकोस. नुसती धर.”

सुतळी ताणलेली होती. ती उभी राहिली... आणि अचानक तिच्या बोटांना झटका बसला.

सरांनी पलीकडून सुतळी ओढली होती.

“पण सर, सुतळी मध्येच तुटली तर? मला कळणार कसं?”

सरांनी टोक सोडून दिलं. तिच्या बोटांतला ताण गेला आणि सुतळी तिच्या पायाशी येऊन पडली.

शलाका आत धावलीच. तारेतला विजेचा दाब धरून ठेवणारा रेझिस्टर तिने पेटीजवळून काढला, शंभरपट मोठा घेतला आणि तारेच्या पार टोकाला, बाराव्या सेन्सरपाशी जोडला. पेटीचं विचारणं बंद केलं. बाराही जणांना झोपवलं. हलेल त्यानेच उठून तारेतला दाब खाली ओढायचा. तार तुटली, तरी दाब खालीच येणार; आणि दाब उतरला की भोंगा.

मीटरचा काटा शून्यावरून जेमतेम केसभर सरकला. तिने गुणाकार दोनदा केला. बॅटरी चार महिने पुरून वर उरत होती.

तिने सातवा सेन्सर हलवला. भोंगा वाजला. तार कापली. पुन्हा वाजला. तिला हसू आवरेना.

तार जोडून तिने बोर्ड सरांपुढे सरकवला.

“सर, बघा ना... आता बाराही जण गप्प आहेत.”

“गप्प?” सर म्हणाले. “नीट ऐक. तारेत दाब आहे, म्हणजे बाराही जण म्हणताहेत, सगळं ठीक आहे.”